ऐकू येतं, पण कळत नाही : गोंगाटातून एक आवाज वेगळा कसा निघतो

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीला एक छोटंसं काम करू या. आत्ता या सभागृहात किती आवाज चालू आहेत ते जरा मनात मोजा. डोक्यावर पंखे आहेत. मागे दोघं-तिघं अजून जागा शोधतायत, खुर्च्या सरकतायत. बाहेर रस्त्यावर रिक्षा. कोणाच्या तरी पिशवीतला प्लास्टिकचा कागद, तोही चांगला ऐकू येतोय. आणि या सगळ्यात आमचा आवाज. यातला प्रत्येक आवाज तुम्हाला सुटा कळतो. तो कुठून येतोय तेही सांगता येतं.

पण तुमच्या कानाच्या पडद्यापर्यंत काय पोचलं? पंखा वेगळा, रिक्षा वेगळी, असं काहीही पोचलेलं नाही. पडदा एकच आहे आणि एका क्षणी तो एक तर थोडा आत जातो, नाहीतर थोडा बाहेर येतो. सगळे आवाज हवेतच एकमेकांत मिसळतात आणि कानाशी येते ती फक्त त्यांची बेरीज. आम्ही तुम्हाला म्हटलं, उत्तर बारा आहे, सांगा कोणते आकडे मिळवले होते? सात आणि पाच? दहा आणि दोन? तीन-चार आकडे असतील तर? या गणिताला एक उत्तर नाही. आणि तरीही आपण सगळे ते दर क्षणाला सोडवत बसलेलो आहोत, मान न हलवता.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी या विषयावर 1990 साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातला एक दाखला फार बोलका आहे. एखाद्या तलावाच्या काठावर बोटभर रुंदीचे दोन चर खणा, पाणी त्यांत येऊ द्या, आणि प्रत्येक चरात एक रुमाल आडवा बांधा. आता तलावाकडे बघायचं नाही. फक्त ते दोन रुमाल कसे हलतात ते बघून सांगायचं, की तलावात किती होड्या आहेत, कोणती जवळ आहे, वारा सुटलाय का, कोणी दगड टाकला का. ऐकलं की अशक्य वाटतं. पण आपले दोन कान म्हणजे तेच दोन चर आणि पडदे म्हणजे ते रुमाल.

आता हा विषय आम्ही निवडला त्याचं खरं कारण सांगतो. आम्ही ऐकण्याच्या तपासणीचं काम करणारी माणसं. आमच्याकडे जी कुटुंबं येतात त्यांचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं. आजोबा म्हणतात, "मला ऐकू येतं हो, पण कळत नाही." आणि शेजारी बसलेली सून किंवा मुलगा हसून म्हणतो, "बाबांना सोयीचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं." (हशा) तुम्ही हसलात, म्हणजे तुमच्याही घरात हे वाक्य असणार. आज आमचं म्हणणं एवढंच आहे की आजोबांचं वाक्य शब्दशः खरं आहे, आणि सुनेला जे दिसतंय तेही खरं आहे, पण त्याचा तिने काढलेला अर्थ चूक आहे. ते कसं, तिथपर्यंत जाऊ.

या प्रश्नावर पहिले नीट प्रयोग केले ते कॉलिन चेरी या इंग्रज संशोधकांनी. निबंध 1953 चा, प्रयोग अमेरिकेत एमआयटीमध्ये केलेले. त्या काळी विमानतळावरच्या नियंत्रकांना एकाच लाउडस्पीकरमधून अनेक वैमानिकांचं बोलणं ऐकावं लागे, आणि त्यात घोटाळे होत. चेरींनी आधी एकाच माणसाचे दोन उतारे एकाच टेपवर मिसळले आणि लोकांना सांगितलं, यातला एक वेगळा काढून दाखवा. आवाज तोच, जागा तीच. लोक डोळे मिटून, टेप पुन्हापुन्हा लावून, घाम गाळून कसंबसं जमवत. मग चेरींनी हेडफोन दिले. एक उतारा डाव्या कानात, दुसरा उजव्या कानात. झालं! काम एकदम सोपं. उजव्या कानात जे येतंय ते ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचं, हे लोकांना सहज जमलं.

यानंतरचा भाग जास्त मजेचा आहे. त्यांनी विचारलं, दुसऱ्या कानात काय चाललं होतं? लोकांना सांगता येईना. बोलणं होतं, एवढं नक्की. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला तर ते कळलं, मध्येच शिट्टीसारखा सूर वाजला तर तोही कळला. पण तिकडे इंग्रजी सोडून जर्मन सुरू झालं, हे कळलं नाही. म्हणजे आवाजाचा पोत पोचत होता, अर्थ पोचत नव्हता.

तेव्हा दोन कामं आहेत हे ध्यानात घ्या. एक, बेरीज फोडून सुटे आवाज करणं. दोन, त्यातला एक निवडून बाकीचे मागे टाकणं. दोन्ही कामं वेगवेगळ्या ठिकाणी बिघडू शकतात.

पहिल्या कामाची सुरुवात आतल्या कानात होते. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते, तिला शंखिका म्हणू. तिच्यात एक पडदा लांबच लांब पसरलेला असतो. बारीक, उंच सूर त्याला सुरुवातीच्या टोकाला हलवतात, खर्जातले सूर दुसऱ्या टोकाला. म्हणजे बेरीज इथे अर्धीमुर्धी फुटते. पण ती माणसांनुसार फुटत नाही, सुरांनुसार फुटते. भाजीच्या पिशव्या उलट्या केल्या, सगळे बटाटे एकीकडे आणि सगळे कांदे दुसरीकडे केले, तर कोणते बटाटे कोणाच्या पिशवीतले ते कसं कळणार? ते मेंदूला ठरवायचंय.

मेंदू त्यासाठी काही साध्या खुणा वापरतो. एकत्र सुरू झालेले, एकत्र थांबलेले सूर बहुधा एकाच वस्तूचे. एकत्र वरखाली होणारे सूर एकाचे. आणि सर्वांत भक्कम खूण म्हणजे पाढा. माणूस 120 हर्ट्झच्या आवाजात 'आ' म्हणतो तेव्हा त्याच्या घशातून 120 बरोबर 240, 360, 480 असे सगळे सूर निघतात. शेजारची बाई 200 च्या आवाजात बोलत असेल तर तिचा पाढा 200, 400, 600. मेंदू हे पाढे ओळखतो आणि एका पाढ्याचे सूर एका गठ्ठ्यात बांधतो. म्हणून पुरुष आणि बाई एकाच वेळी बोलत असतील तर वेगळं काढणं सोपं, आणि दोन सारख्या आवाजाचे भाऊ बोलत असतील तर कठीण.

गाणं ऐकणाऱ्या मंडळींना याचा उलटा अनुभव आहे. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ती तार गंधाराला लावलेली नसते. गंधार हा त्या तारेच्या पाढ्यातला पाचवा आकडा. एरवी मेंदू त्याला गठ्ठ्यात बांधून टाकतो आणि आपल्याला एकच तार ऐकू येते. जवारी नीट असली आणि कान तयार असला की तो एक सूर गठ्ठ्यातून बाहेर डोकावतो. नवख्याला तो ऐकवणं किती अवघड जातं ते शिकवणाऱ्यांना विचारा. बांधण्याची ही सवय इतकी घट्ट आहे.

आता दोन कानांचा फायदा. यासाठी जागेवरच प्रयोग करू. आमचे दोन सहकारी दोन कोपऱ्यांत उभे आहेत, दोघंही एकदम वाचायला लागतील. तुम्ही डाव्या कोपऱ्यातल्याचं ऐका. ... आता एका कानात बोट घालून तो घट्ट बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. ... काय झालं? दोन्ही आवाज एकमेकांवर पसरले ना? वाचणाऱ्यांनी घरी रेडिओ आणि टीव्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावून हे करून बघावं.

असं का होतं, याचा पाया लॉर्ड रॅले यांनी 1907 साली घातला. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी लागतो, उजव्याला जरा उशिरा. हा उशीर किती? डोक्याला वळसा घालून जायला जास्तीत जास्त सेकंदाचा सुमारे दीडहजारावा भाग. आणि यातला फरक आपण किती बारीक ओळखतो? अनुकूल परिस्थितीत सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत. मज्जातंतूतला एकेक विजेचा ठोका यापेक्षा कितीतरी लांब, साधारण सेकंदाचा हजारावा भाग चालतो, आणि तरी त्या ठोक्यांवरून हा हिशेब होतो. आम्हाला इतकी वर्षं झाली, पण हे सांगताना अजूनही थोडं थांबावंसं वाटतं. उंच सुरांसाठी दुसरी खूण आहे. डोकं मध्ये आल्यामुळे पलीकडच्या कानावर आवाजाची सावली पडते, तिथे तो मंद होतो.

1948 मध्ये लिकलायडर आणि हर्श या दोघांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट दाखवली. दोन्ही कानांत सारखाच फसफसणारा गोंगाट सोडा आणि त्यात एक मंद सूर दोन्ही कानांत इतका हळू ठेवा की तो बुडून जाईल. आता एका कानातला फक्त तो सूर उलटा करा, म्हणजे लाट वर जायची तिथे खाली. आवाज तेवढाच, शक्ती तेवढीच. आणि सूर एकदम वर तरंगून येतो. हा फायदा खर्जातल्या सुरांना 15 डेसिबेलपर्यंत मिळतो. म्हणजे मेंदू दोन कानांतला जो भाग सारखा आहे तो जणू एकमेकांतून वजा करतो आणि उरलेलं ऐकतो. 'मोठ्याने' आणि 'स्पष्ट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही.

दुसरं काम, निवडीचं. चेरींच्या प्रयोगात दुसऱ्या कानातलं काहीच कळत नाही असं वाटलं होतं. 1959 साली नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव पेरलं. सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. सगळ्यांना नाही, हे लक्षात ठेवा. पुस्तकांत बरेचदा 'आपलं नाव नेहमी ऐकू येतं' असं लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. पण म्हणजे दार पूर्ण बंद नसतं, किलकिलं असतं, आणि ओळखीचं काही आलं तर ते आत शिरू शकतं.

2012 साली मेसगरानी आणि चँग यांनी ही निवड प्रत्यक्ष मेंदूत पाहिली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवर विजेच्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या अशा रुग्णांना त्यांनी दोन माणसांचं बोलणं एकदम ऐकवलं. मेंदूच्या संकेतांवरून आवाजाचं चित्र परत उभं केलं, तर ते जवळजवळ त्या एकाच माणसाच्या आवाजाचं निघालं, ज्याच्याकडे रुग्ण लक्ष देत होता. कानात दोघं होते, मेंदूच्या त्या भागात एकच उरला होता.

आता परत आजोबांकडे येऊ. त्यांना मंगल कार्यालयात बसवा. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, वर पत्रा. एका बाजूला सनई, दुसऱ्या बाजूला पंगत, आणि पाच टेबलांवर पाच गप्पा. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्येच नोंदवलं होतं. एक टेबल चढतं म्हणून दुसरं चढतं, म्हणून पहिलं अजून चढतं. त्यात भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी सगळीकडून कानावर पडतात, त्यामुळे आधी कोणत्या कानाला लागला ही नाजूक खूण पुसट होते.

आणि आजोबांच्या कानात काय झालंय? प्रत्येक शंखिकेत सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी असतात, त्या बातमी मेंदूला पोचवतात. आणि सुमारे बारा हजार बाहेरच्या केसपेशी असतात. त्या मंद आवाज वाढवतात आणि जवळजवळचे सूर एकमेकांपासून वेगळे ठेवतात. वयाबरोबर बहुधा या बाहेरच्या पेशी आधी झिजतात, त्याही उंच सुरांच्या टोकाकडच्या. त्यातून तीन गोष्टी होतात.

स्वर खर्जात असतात आणि दणदणीत असतात, ते ऐकू येतात. म्हणून 'ऐकू येतं'. पण 'स', 'श', 'फ', 'ख' यांच्यातला श्वासाचा भाग उंच सुरांचा आणि नाजूक, तो जातो. 'साठ' मधला 'स' गेला की काय उरतं? 'आठ'. एका घरी जेवणाला साठ पानांची सोय सांगितली होती आणि आजोबांनी निरोप आठचा दिला. पुढचं रामायण तुम्हीच कल्पना करा. पाट, ताट, काट यांचंही तेच. म्हणून 'कळत नाही'. ते काही वेंधळे झालेले नसतात, अक्षरच पोचलेलं नसतं.

दुसरं असं, की सूर वेगळे ठेवण्याची धार गेल्यामुळे ते पाढे एकमेकांत सांडतात. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल तर हे लक्षातही येत नाही. दोन माणसं बोलायला लागली की गठ्ठे बांधता येत नाहीत. यावर आवाज वाढवून काय होणार? दोन्ही आवाज वाढतील.

आणि तिसरी गोष्ट घरातल्या भांडणाचं मूळ आहे. मंद आवाज वाढवणारी यंत्रणा बिघडली, पण मोठा आवाज मोठाच लागतो. मधली जागा अरुंद झाली. सून म्हणते "बाबा, चहा घेताय ना?" तर ऐकू येत नाही. ती दोनदा विचारते, तिसऱ्यांदा वैतागून मोठ्याने म्हणते, आणि बाबा म्हणतात, "ओरडतेस कशाला, बहिरा आहे का मी?" तिला वाटतं हे मुद्दाम. ते मुद्दाम नसतं हो. तिसऱ्या वेळचा आवाज त्यांच्या कानाला खरोखरच ओरडण्यासारखा लागला.

'सोयीचं ऐकतात' याचंही उत्तर यातच आहे. ओळखीचा विषय, अपेक्षित शब्द, आपलं नाव, नेहमीचा आवाज, यांतलं अर्धं ऐकलं तरी मेंदू उरलेलं भरून काढतो. इन्ग्रिड जॉन्सरूड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दीर्घ संसार झालेल्या जोडप्यांवर प्रयोग केला. दोन आवाज एकदम चालू असताना जोडीदाराचा आवाज अनोळखी आवाजापेक्षा सहज समजला. आणि जोडीदाराचा आवाज बाजूला सारून दुसऱ्याकडे लक्ष देणंही सोपं गेलं! (हशा) थांबा, पुढचं ऐका. हा दुसरा फायदा वय वाढलेल्यांत कमी होत गेला. पहिला टिकला. तर आजोबांना त्यांच्या भावाचं क्रिकेटबद्दलचं बोलणं कळतं आणि सुनेच्या मैत्रिणीने विचारलेला नवाच प्रश्न कळत नाही, यात सोय कुठे आली? पहिल्यात भरून काढायला सामान आहे, दुसऱ्यात नाही. आणि हे भरून काढणं दमवणारं असतं. लग्नात तासाभराने आजोबा कोपऱ्यात जाऊन गप्प बसतात ते बरेचदा याच दमणुकीने. मग पुढच्या लग्नाला जातच नाहीत.

एक अडचण आमच्या बाजूचीही कबूल केली पाहिजे. नेहमीची तपासणी कशी होते? आवाजबंद खोलीत हेडफोन लावून एकेक सूर, एकेकटा, जितका मंद ऐकू येईल तितका. म्हणजे तक्रार गोंगाटातली आणि परीक्षा शांततेतली. काहींचा आलेख स्वच्छ येतो आणि त्यांना सांगितलं जातं, तुम्हाला काही झालेलं नाही. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले अनेक सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. माणसांत हे किती प्रमाणात लागू पडतं यावर अजून वाद आहे. पण तक्रार गोंगाटातली असेल तर गोंगाटातल्या शब्दांची वेगळी चाचणी असते, ती मागून घ्या. आलेख चांगला आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

करायचं काय, ते पटकन सांगतो, वेळ होत आली. बोलण्याआधी टीव्ही आणि मिक्सर बंद. दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलायचं नाही, जवळ यायचं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबेलने वाढतो, तोही फक्त तुमचा. चेहऱ्यावर उजेड हवा, खिडकीकडे पाठ करून बोलू नका. ओठ दिसले की गोंगाटात किती फायदा होतो हे सम्बी आणि पोलॅक यांनी 1954 मध्येच मोजलं होतं, आणि गोंगाट जितका जास्त तितकी ही मदत मोठी. तेच वाक्य चढ्या आवाजात तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. 'साठ' कळलं नाही तर 'सहा दहा' म्हणा. कार्यालयात आजोबांना भिंतीला पाठ लावून, स्पीकरपासून लांब बसवा. मुख्य टेबलावर मध्यभागी बसवून तुम्ही मान दिलात, पण चारही बाजूंनी गोंगाटही दिलात.

एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : महागडं श्रवणयंत्र घेतलं, तरी बाबा समारंभात काढून ठेवतात. यंत्र वाईट आहे का?

वाईटच असेल असं नाही. यंत्राला दोन मायक्रोफोन असतात, ते समोरचा आवाज थोडा पुढे आणि मागचा थोडा मागे करू शकतात. त्याने मदत होते. पण बाबांना आत्ता समोरच्या व्याह्यांचं ऐकायचंय की डावीकडच्या नातीचं, हे यंत्राला कळत नाही. ती निवड कपाळामागे होते. यंत्र लावून पहिले काही आठवडे घरात, मग दोन-तीन माणसांत, आणि मग समारंभात, असं चढत जायला हवं. थेट लग्नात नेलंत तर काढून ठेवणारच. आणखी एक, बोलणाऱ्याच्या गळ्याशी लावायचा सुटा मायक्रोफोन मिळतो, तो अंतरच काढून टाकतो. त्याची चौकशी करा.

प्रश्न : खर्चामुळे एकाच कानाला यंत्र घेतलं तर चालेल का?

एकाच कानात दोष असेल तर प्रश्नच नाही. दोन्ही कानांत सारखा असेल, आणि परवडत असेल, तर दोन घ्यावीत असं आम्ही सांगतो. मघाशी कानात बोट घातलं होतंत, ते आठवा. काही जणांना मात्र दोन यंत्रांपेक्षा एकानेच जास्त स्पष्ट कळतं, तेव्हा आधी दोन्ही लावून, मग एकेक लावून, गोंगाटात बसून करून बघा. दुकानातल्या शांत खोलीत ठरवू नका. खिडकी उघडायला सांगा.